जिन्याचं फायर डोअर उघडं अडवून ठेवणाऱ्याच्या बिलात खर्च लावावा का?

अकरावामाळकरी
आमचा ठाण्यातला २२ मजली टॉवर. जुलैच्या फॉर्म बीसाठी (आगीची यंत्रणा चालू असल्याचा सहामाही दाखला) परवानाधारक एजन्सीचा माणूस आला, पंप चालवून पाहिला, होजरीलचं पाणी सोडलं, सिलिंडरवरच्या तारखा उतरवून घेतल्या आणि निघाला. जिन्याच्या, आग-धूर अडवणाऱ्या दारांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मुद्दाम आमच्या मजल्यावर नेलं त्याला. दार उघडं राहावं म्हणून पेव्हर ब्लॉक टेकवलेला, दार आपोआप लावणारा वरचा क्लोजर एका स्क्रूवर लोंबतोय. चौकटीतली जी पट्टी आगीत फुगून फट बुजवते, ती रंगाऱ्यांनी उपटून टाकलेली. साहेब म्हणाले, "ते सोसायटीचं बघा." सेक्रेटरी म्हणतात मजल्यावाल्यांचं, मजल्यावाले म्हणतात बिल्डरने दारंच भंगार दिली.

माझं मत: महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक कायदा ही यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालक-भोगवटादारावर टाकतो. आमच्याकडे त्याचा अर्थ सोसायटीच. तेव्हा एकदा सगळी दारं सोसायटीने मेंटेनन्समधून नीट करावीत. त्यानंतर जो अडवेल त्याच्या बिलात खर्च. परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये ऑगस्ट २०१८ मध्ये आग लागली बाराव्या मजल्यावर, चार जीव गेले, आणि धुरात अडकलेल्या कितीतरी लोकांना अग्निशमन दलाने बाहेर काढलं. दार उघडं राहिलं की जिना म्हणजे धुराडंच.

फुकटचा_सेक्रेटरी
बिलात लावा म्हणणं सोपं आहे. पेव्हर ब्लॉक कोणी ठेवला हे सिद्ध कोण करणार? एका मजल्यावर चार फ्लॅट, चौघंही म्हणणार "आम्ही नाही". त्यात दंडाचा ठराव आधी सर्वसाधारण सभेत व्हायला हवा, आणि त्या सभेला कोरम भरत नाही हो. आम्ही ऑफिस सांभाळून, दमडी न घेता हे करतो. उद्या काही झालं तर पोलीस आम्हालाच बोलावणार, हेही माहीत आहे.

शेजारचीकाकू
तुम्ही दोघं भांडा, पण लोक दार का अडवतात ते कोणी विचारलंय? आमच्या लॉबीला खिडकी नाही, वारा येतो तो जिन्यातूनच. आणि दार इतकं घट्ट की माझ्यासारख्या साठीच्या बाईला दोन्ही हातांनी ढकलावं लागतं. आग लागली तर मी त्या दाराशी झटापट करत बसू? रात्री वॉचमन टेरेसचं दार कुलूप लावून बंद करतो, त्यावर मात्र कोणी धागा काढत नाही.

टेम्सकाठचा_पुणेकर
काकू, घट्ट दाराला उपाय आहे. क्लोजरचा जोर आणि बंद होण्याचा वेग कमी-जास्त करता येतो, माणूस बोलवा फक्त.
इथे लंडनला ग्रेनफेल टॉवरची आग १४ जून २०१७ ची. ७२ माणसं गेली. चौकशीत निघालं की बऱ्याच फ्लॅटच्या दारांचे क्लोजर तुटलेले किंवा काढूनच टाकलेले होते, त्यामुळे धूर लॉबीत शिरला. आता ११ मीटरहून उंच निवासी इमारतींत सामायिक फायर डोअर दर तीन महिन्यांनी तपासायचं, फ्लॅटचं मुख्य दार वर्षातून एकदा. जानेवारी २०२३ पासून हे लागू आहे. आणि तपासायचं कोणी, तेही नियमात ठरलेलं आहे. आपल्याकडे अडतं ते तिथेच.

बिल्डरने_फसवलेला
दादा, लंडन राहू द्या. आमच्या टॉवरची दारं हातोडीने ठोकली तर पोकळ वाजतात, नकाशात मात्र १२० मिनिटं आग अडवणारी. रेरा कायद्यात ताब्यापासून पाच वर्षं दोषांची जबाबदारी बिल्डरची. त्याला सोडून रहिवाशाच्या बिलात पैसे लावणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

अकरावामाळकरी
पाच वर्षांच्या आत असाल तर आजच लेखी तक्रार द्या, फोटोसकट. आमची मुदत कधीच संपली. मग काय, दारं तशीच ठेवायची? सेक्रेटरी साहेब, सिद्ध करणं कठीण हे मान्य. मग मजल्यावर लावा खर्च, चौघांत वाटून. दुसऱ्या महिन्यात शेजारीच एकमेकांवर लक्ष ठेवतील.

फुकटचा_सेक्रेटरी
वा! म्हणजे ज्याने काही केलं नाही त्यालाही भुर्दंड. असल्या ठरावावर मी सही करणार नाही. दारं दुरुस्त करू, पुढच्या सभेत कोटेशन ठेवतो.

केबलवाला_नाही_फायरवाला
याच धंद्यात आहे म्हणून सांगतो. दाराइतकंच वीज-केबलच्या डक्टकडे बघा. इंटरनेटवाला येतो, स्लॅबला भोक पाडतो, वायर टाकून निघून जातो. ते भोक कोणी बुजवत नाही. धूर तिथूनही चढतो.
आणि काकूंच्या वाऱ्यासाठी मॅग्नेट मिळतो. दार उघडं धरतो, अलार्म वाजला की सोडतो, क्लोजर दार लावून घेतो. पेव्हर ब्लॉकला अलार्म ऐकू येत नाही.

शेजारचीकाकू
मॅग्नेटला माझं मत. काकांनाही पाठवते सभेला, कोरमला एक डोकं वाढेल.

बिल्डरने_फसवलेला
मॅग्नेट छान, पण आमचं अलार्म पॅनेलच बंद आहे. सारखं वाजतं म्हणून वॉचमनने फ्यूज काढून ठेवलाय.

केबलवाला_नाही_फायरवाला
मग आधी तो फ्यूज. सभेची वाट बघू नका.