'संमोहन' वाचून पेशंट उठून जातात, दुसरा शब्द आहे का?

मांजराकाठ: मी अंबाजोगाईत समुपदेशन करते. चिंता, जुनाट दुखणी, आतड्यांचा हट्टी त्रास यांत औषधांच्या जोडीला हिप्नोसिस वापरतात. त्याचं मराठी माहितीपत्रक करतेय. 'संमोहन उपचार' असं शीर्षक दिलं, तर केजकडच्या एक मावशी वाचून उठल्याच. "मला मोहिनी घालणार का, बाई? मपल्या घरच्याला काय सांगू?" खरं तर माणूस जागा असतो, ऐकत असतो, नको वाटलं तर डोळे उघडून उठतो. ही भीती वाटणार नाही असा शब्द सुचवा. 'ट्रान्स'ला, म्हणजे उपचारात मन गुंग होतं त्या अवस्थेला, काय म्हणू तेही सांगा.

गोदातीर: 'संमोहन' मुळातच चुकीचा. 'क्रोधाद्भवति संमोहः संमोहात्स्मृतिविभ्रमः' (गीता 2.63), म्हणजे रागातून संमोह, संमोहातून स्मृतीचा गोंधळ. विराटपर्वात अर्जुन संमोहनास्त्र टाकून कौरवांना बेशुद्ध पाडतो. शत्रूवर सोडायची गोष्ट रुग्णाला कशी देणार? मावशींचे कान बरोबर आहेत.

पांढरीची माती: गोदातीर, शब्द रुळलाय, कोशात आहे, दवाखान्यांच्या पाट्यांवर आहे. गीतेतला अर्थ आज कोण धरतं? मूळ इंग्रजी शब्द तरी कुठं बरोबर आहे? जेम्स ब्रेडनं 1843च्या पुस्तकात ग्रीक 'हिप्नॉस'वरून, म्हणजे झोपेवरून, नाव चालवलं. पुढं त्यालाच पटलं की ही झोप नाही, एकाच कल्पनेवर खिळलेलं मन आहे. त्यानं दुसरा शब्द काढला, पण तो कुणी घेतला नाही. जुनाच राहिला.

बालाघाट: माझी आजी शेंगा फोडायला बसली की हाक मारून ऐकू यायची नाही. हात चालू, टरफलांचा ढीग वाढतोय आणि नजर भलतीकडं. आई म्हणायची, तंद्री लागलीय, हलवू नका. तंद्री 'लागते', कुणी लावत नाही. संमोहन मात्र कुणीतरी 'करतो' आणि दुसऱ्यावर होतं. मावशींना भ्या वाटलं ते त्या क्रियापदाचं. मी तर सरळ 'तंद्री-उपचार' लिहीन.

गोदातीर: संस्कृतात तंद्रा म्हणजे पेंग, सुस्ती. उपचाराला सुस्तीचं नाव?

बालाघाट: पत्रक संस्कृतवाल्यांसाठी नाही, केजच्या मावशींसाठी आहे.

सीमेवरचा: खरी भीती भानामतीची आहे. आमच्या उदगीर-देगलूर पट्ट्यात लहानपणी हा शब्द मोठी माणसं आवाज उतरवून बोलायची. कुणावर तरी संशय घेऊन त्याला मारायचे. 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत भानामतीचं नाव उगाच नाही. माझ्या मते भान + मती, दोन्ही हरवतात म्हणून भानामती.

पांढरीची माती: पटत नाही. जादूवाली भानुमती असणार. आणि तेलंगणात बाणामती म्हणतात, तिथं 'भान' कुठून आणणार?

सीमेवरचा: उच्चार बदलतात हो. 'भ'चा 'ब' व्हायला किती वेळ?

सुईदोरा: मी भूलतज्ज्ञ. 'भूल' म्हणजे चूक, फसगत, रानात वाट हरवणं. तरी 'भूल देतो' म्हटल्यावर पेशंट निमूट हात पुढं करतो, कारण भूल घेऊन बरी झालेली माणसं त्यानं बघितलीत. शब्द वापरून स्वच्छ होतो. गंमत म्हणजे जेम्स एस्डेल या सर्जननं 1845पासून बंगालात हुगळीला मेस्मेरिझम (हिप्नोसिसचा जुना अवतार) देऊन शस्त्रक्रिया केल्या, क्लोरोफॉर्म यायच्या आधी. तेव्हा ही दोन्ही कामं एकच होती. म्हणून मी 'संमोहन'च ठेवीन. पण बाई, 'विसरलेल्या आठवणी परत येतात' असं काही लिहू नका. त्या अवस्थेत खोटी आठवणही खरी वाटते. आणि भास-भ्रम होणाऱ्यांसाठी हा उपचार नाही, हे ठळक छापा.

मांजराकाठ: छापते. ट्रान्सचं मात्र राहिलंच.

गोदातीर: लीळाचरित्रात आहे की! चक्रधरांच्या सहवासात भक्तांना 'स्थिती' व्हायची, म्हणजे देहभान हरपायचं. पैठणच्या मातीतला शब्द, कुणाची उसनवारी नाही.

मांजराकाठ: "पेशंटला स्थिती झाली" असं बाहेर बसलेल्या नातेवाइकांना सांगितलं तर रडारड सुरू होईल. सध्या आत 'हळूहळू तंद्री लागते, तुम्ही जाग्याच असता' असं वाक्य टाकलंय. शीर्षक कोरं आहे.

बालाघाट: वाक्यात तंद्री चालते, मग शीर्षकात का नाही?

सीमेवरचा: इथं तेलुगू जाणणारं कुणी आहे का? बाणामतीचा निकाल लागला पाहिजे.