भारतनेटची पेटी ग्रामपंचायतीत आहे, इंटरनेट गावात कसं आणायचं?

शिवारवाट
ग्रामपंचायत कार्यालयात भारतनेटची, म्हणजे ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणाऱ्या केंद्राच्या योजनेची, पेटी आहे. पॉवरचा दिवा चालू असतो, पण पॉनचा (फायबर जोडणीचा) हिरवा दिवा लुकलुकत राहतो आणि मध्येच एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) दिवा लाल होतो. शाळा आणि आरोग्य उपकेंद्र तिथून साधारण ४०० मीटरवर आहेत. ग्रामसभेत ठराव करून नेमकं काय मागायचं आणि कोणाकडे? घरोघरी जोडण्या देण्याआधी काय तपासून घ्यावं? मोठा वाय-फाय राउटर घेतला की वेग वाढेल असं काही जण म्हणतात. ते खरं आहे का?

जॉइंटरभाऊ
राउटरचा विषय तूर्त बाजूला ठेवा. पॉन लुकलुकतोय म्हणजे पेटी, म्हणजे ओएनटी, तालुक्याच्या ओएलटीशी (फायबरमधून प्रकाश सोडणाऱ्या तिथल्या मुख्य यंत्राशी) जोडली जाऊ पाहतेय, पण नोंद होत नाही. एलओएस लाल म्हणजे प्रकाशच पोचत नाही. दोन्ही आलटून पालटून होत असेल तर सिग्नल काठावर आहे. नवीन राउटरने यात काडीचाही फरक पडणार नाही.

तंत्रज्ञ आला की त्याला पॉवर मीटर (प्रकाशाची तीव्रता मोजणारं यंत्र) १४९० नॅनोमीटरवर लावून पेटीत येणारा आकडा दाखवायला सांगा आणि तो रजिस्टरमध्ये तारखेसह लिहून घ्या. हा आकडा डीबीएममध्ये असतो, उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी. बी प्लस वर्गाच्या (संवेदनक्षमतेची एक श्रेणी) ओएनटीला उणे २७ डीबीएमच्या खालचा सिग्नल वाचता येत नाही. उणे २५ किंवा त्याहून तीव्र (उणे २४, उणे २०) असेल तर निर्धास्त राहा. उणे ८ पेक्षा जास्त तीव्र प्रकाशही चालत नाही, मात्र गावात तशी वेळ क्वचितच येते.

हिशोब असा. ओएलटीतून +३ डीबीएम निघाले. १२ किलोमीटर फायबरला किलोमीटरमागे ०.२५ धरून ३ डीबी (घट मोजायचं एकक) गेले. वाटेत १:४ चा स्प्लिटर (एका फायबरचा प्रकाश चार फायबरांत वाटणारा भाग) असेल तर ७, सहा जॉइंटचे मिळून ०.६ आणि चार कनेक्टरचे २. एकूण १२.६, म्हणजे पेटीपाशी उणे ९.६ मिळायला हवं. मीटर उणे २६ दाखवत असेल तर १६ डीबी कुठेतरी गळतायत. ते अंतरामुळे नव्हे, बिघाडामुळे. कुठे, हे ओटीडीआर (फायबरमधल्या बिघाडाचं अंतर मोजणारं यंत्र) लावला की किती मीटरवर ते कळतं.

माझ्या मते आधी तीन ठिकाणं पाहा. पहिलं पेटीमागची पॅच कॉर्ड. हिरव्या तोंडाचा कनेक्टर हिरव्यातच बसतो. निळा हिरव्यात दाबून बसवला तर टोकं नीट भिडत नाहीत आणि लॉस वाढतो. दुसरं, केबल खिळ्याभोवती किंवा कपाटाच्या फटीत करकचून वळवलेली असते. साध्या फायबरला ३० मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण नको. तिसरं, रस्त्याकडेचं जॉइंट क्लोजर, म्हणजे केबलचे जोड ठेवलेला बंद डबा. झाकणाचं सील नीट बसलं नसेल तर पावसात आत पाणी शिरतं.

जेसीबीने केबल तोडल्यावर घाईत फक्त चालू कोअर (केबलमधले सुटे फायबर) जोडून बाकीचे तसेच सोडले जातात. आज काम भागतं, पण पुढे घरांसाठी कोअर हवे असतात तेव्हा ते मेलेले निघतात. दुरुस्तीनंतर सगळे कोअर तपासल्याचा अहवाल मागाच.

सौरबॅटरी
दिवा मध्येच जातो त्यामागे कधीकधी वीजही असते, पण ती तालुक्याच्या टोकाची. तिथला ओएलटी बंद पडला की सगळ्या गावांत एकदम लाल दिवा लागतो. म्हणून शेजारच्या ग्रामपंचायतीत त्याच वेळी काय दिसतं ते विचारून घ्या, दोष कोणत्या बाजूला आहे ते चटकन कळेल.

गावच्या टोकाला ओएनटी आणि राउटर मिळून साधारण २० वॅट धरा. ८ तास भारनियमन असेल तर १६० वॅट-तास लागतात. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणून १२ व्होल्टची निदान २८ अँपिअर-तासांची बॅटरी घ्या. पेटी थेट बॅटरीला जोडू नका, चार्जिंगच्या वेळी व्होल्टेज १४ च्या वर जातं. अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट वाचून त्याला जुळणारा डीसी यूपीएस बसवा.

तालुकानेट
कोणाकडे जायचं ते आधी ठरवा. ही योजना २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क म्हणून मंजूर झाली आणि २०१५ मध्ये तिचं नाव भारतनेट झालं. दुसऱ्या टप्प्याला २०१७ मध्ये मंजुरी मिळाली. महाराष्ट्रात त्याचं मोठं काम महाआयटी या राज्य सरकारच्या कंपनीमार्फत महानेट म्हणून झालं. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन तालुक्यांतही जबाबदार यंत्रणा वेगळी असू शकते. गटविकास अधिकाऱ्यांकडून लेखी विचारून घ्या. उत्तर आलं नाही तर १० रुपयांचा माहिती अधिकार अर्ज करा आणि त्यात पेटी हस्तांतरित करतानाचा ओटीडीआर अहवाल मागा.

४ ऑगस्ट २०२३ ला केंद्राने सुधारित भारतनेट कार्यक्रमाला १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले. २.६४ लाख ग्रामपंचायती रिंगमध्ये (दोन्ही बाजूंनी जोडलेल्या गोलाकार मार्गात) जोडायच्या, मागणी आल्यास ग्रामपंचायत नसलेली ३.८ लाख गावंही घ्यायची आणि १.५ कोटी ग्रामीण घरांना फायबर द्यायचं, अशी त्यातली उद्दिष्टं आहेत. रिंगचा फायदा तुमच्यासाठी मोठा आहे. आज एकाच दिशेने आलेली केबल तुटली की गाव बंद पडतं. रिंगमध्ये प्रकाश दुसऱ्या बाजूने येतो. म्हणून ठरावात ‘इंटरनेट मिळावे’ असं मोघम न लिहिता तीन गोष्टी लिहा: रिंगमध्ये समावेश कधी, सध्याचा डीबीएम आकडा किती, आणि शाळा व उपकेंद्रापर्यंत फायबर ड्रॉप, म्हणजे पेटीपासून तिथवरची शेवटची फायबर केबल.

४०० मीटरवर लॅन केबल चालत नाही, तिची मर्यादा १०० मीटर. ड्रॉप केबल विजेच्या खांबांवरून न्यायची असेल तर लोखंडी तारेची नको, आत एफआरपी (वीज न वाहणाऱ्या फायबरग्लासची) कांडी असलेली घ्या. खांब वापरायला वीज कंपनीची परवानगी लागते.

शिवारवाट
छान माहिती. घरांसाठी १:३२ चा स्प्लिटर बसवू असं एका केबलवाल्याने सुचवलंय. चालेल का?

जॉइंटरभाऊ
तुमच्या लाइनवर नको. १:३२ चा लॉस सुमारे १७ डीबी. वरच्या हिशोबात लाइन अगदी ठणठणीत असली तरी उणे ९.६ वरून थेट उणे २६.६ वर जाल. घराघरांतल्या कनेक्टरचा लॉस त्यात अजून धरलेलाच नाही. १:८ चे १०.५ धरले तर उणे २० च्या आसपास राहाल, दुरुस्तीला वाव उरतो. शिवाय जीपॉनच्या (या जोडणीच्या तंत्राच्या) एका पोर्टचे २.५ जीबीपीएस त्यावरच्या सगळ्यांत वाटले जातात. आठपेक्षा जास्त घरं हवी असतील तर ओएलटीवर वेगळा पोर्ट आणि गावापर्यंत वेगळा कोअर मागा. मेलेले कोअर त्यासाठीच आधी जोडून घ्यायचे.