दूध संकलनाच्या नोंदी पोस्टग्रेसमधून डॅशबोर्डवर काही सेकंदांत कशा न्याव्यात?

प्रश्न

नमस्कार. आमच्या दूध संघाची सुमारे ३४० संकलन केंद्रे आहेत. प्रत्येक केंद्रावरच्या ॲपमधून सभासद क्रमांक, लिटर, फॅट आणि एसएनएफ (दुधातील स्निग्धांश सोडून उरलेले घन पदार्थ) यांची नोंद ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमधील आरडीएस (ॲमेझॉनची डेटाबेस-सेवा) वरच्या पोस्टग्रेस १५ या डेटाबेसमध्ये होते. कोणत्या मार्गावर किती दूध जमले हे शीतकरण केंद्रावरच्या पर्यवेक्षकांना संकलन सुरू असतानाच दिसायला हवे, कारण दुसरा टँकर पाठवायचा की नाही हे त्यांना सकाळी ७ च्या सुमारास ठरवावे लागते.

सध्या दर १० मिनिटांनी एक क्रॉन स्क्रिप्ट (ठरल्या वेळी आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम) चालते. मागच्या फेरीनंतर ज्या नोंदींची ‘अपडेटेड ॲट’ वेळ बदलली आहे, त्या उचलून ती डॅशबोर्डसाठीच्या वेगळ्या टेबलमध्ये भरते. तरीही रात्रीच्या अंतिम अहवालापेक्षा डॅशबोर्डची बेरीज काही दिवशी कमी भरते आणि त्या नोंदी नेमक्या कुठे गळतात हे आम्हांला सापडलेले नाही. केंद्रचालकाने रद्द केलेली नोंद मात्र डॅशबोर्डवर तशीच राहते. स्क्रिप्ट दर मिनिटाला चालवून पाहिली, तेव्हा ऐन गर्दीच्या वेळी केंद्रांवरच्या नोंदी मंदावल्या आणि सभासद रांगेत खोळंबले, म्हणून ती पुन्हा १० मिनिटांवर आणली. नोंद १५ ते २० सेकंदांत दिसावी अशी अपेक्षा आहे. हे काम करणारे आम्ही दोघेच आहोत, हेही लक्षात घेऊन कृपया सुचवावे.

उत्तर १

नोंदी कुठे गळतात याचा अंदाज तुमच्या वर्णनावरूनच बांधता येतो. पोस्टग्रेसमध्ये ‘नाऊ’ हे फंक्शन ट्रान्झॅक्शन (एकत्र पूर्ण होणाऱ्या बदलांचा गट) सुरू झाल्याची वेळ देते, कमिट झाल्याची (बदल पक्के झाल्याची) नव्हे. समजा एका केंद्राच्या ४० नोंदींचे ट्रान्झॅक्शन ६ वाजून ५९ मिनिटे ५० सेकंदांनी सुरू झाले आणि दर काढून, रक्कम भरून ७ वाजून १० सेकंदांनी कमिट झाले. तुमची स्क्रिप्ट बरोबर ७ वाजता धावली, तेव्हा त्या नोंदी तिला दिसल्याच नाहीत. ७ वाजून १० मिनिटांनी ती ७ नंतरच्या नोंदी मागते आणि या ४० नोंदींवर तर ६.५९ ची वेळ आहे, त्यामुळे त्या पुढे कधीच उचलल्या जात नाहीत.

आजच करता येण्यासारखा उपाय असा, की प्रत्येक फेरीत मागची ५ मिनिटे पुन्हा वाचावीत आणि प्राथमिक कीवर (नोंदीच्या एकमेव ओळखीवर) अपसर्ट करावे (नोंद नसेल तर भरावी, असेल तर बदलावी), म्हणजे तीच नोंद दोनदा आली तरी बेरीज बिघडणार नाही. नोंद रद्द करताना ती पुसू नये, ‘रद्द’ असा शेरा देणारा कॉलम ठेवावा. ‘अपडेटेड ॲट’वर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) आहे का तेही पाहावे, कारण तो नसल्यास प्रत्येक फेरीत संपूर्ण टेबल वाचले जाते आणि रांग खोळंबण्याचे कारण बहुधा तिथेच सापडेल. कायमची व्यवस्था कोणतीही निवडलीत तरी ही दुरुस्ती आधी करावी.

उत्तर २

वरील निदान योग्य आहे, पण वेळेच्या कॉलमवर विसंबणारी कोणतीही पद्धत अखेर अंदाजावरच चालते. खात्रीचा स्रोत म्हणजे पोस्टग्रेसचा राइट-अहेड लॉग, म्हणजेच वॉल (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची वही). कमिट झालेला प्रत्येक बदल कमिटच्या क्रमाने त्यातून मिळतो आणि पुसलेल्या नोंदीही त्यात येतात. आरडीएसच्या पॅरामीटर ग्रुपमध्ये लॉजिकल रेप्लिकेशन (बदल ओळीओळीने बाहेर पाठवण्याची सोय) सुरू करून इन्स्टन्स एकदा रीबूट करावा लागतो. त्यानंतर डेबेझियम हे साधन तो लॉग वाचून काफ्का या संदेश-रांगेत घटना टाकते आणि तिथून क्लिकहाउस या विश्लेषणाच्या डेटाबेसमध्ये नेऊन ग्राफाना या डॅशबोर्डवर दाखवता येते.

बहुतेकांची चूक होते ती बेरजेत. केंद्रचालकाने १२.५ लिटर लिहिले आणि नंतर ते सुधारून २१.५ केले, तर लॉगमध्ये दोन घटना येतात. आलेल्या घटनांचे लिटर नुसते मिळवत गेलात तर त्या सभासदाच्या नावावर ३४ लिटर दूध चढेल. जुना आकडा वजा करून नवा मिळवावा असे वाटते, परंतु डेबेझियम बंद पडून पुन्हा सुरू झाल्यावर काही घटना दुसऱ्यांदा येऊ शकतात आणि वजाबाकीही दोनदा होते. म्हणून प्रत्येक नोंदीची अखेरची अवस्था तिच्या कीखाली साठवावी आणि बेरीज त्या अवस्थांची करावी. क्लिकहाउसचे रिप्लेसिंग मर्ज ट्री हे टेबल त्यासाठीच आहे. पण त्यातले विलीनीकरण पार्श्वभूमीवर आपल्या सवडीने होते, त्यामुळे क्वेरीत ‘फायनल’ न लिहिल्यास जुनी आणि नवी नोंद काही काळ एकत्र मोजली जाते. बेरीज क्लिकहाउसच्या मटेरियलाइज्ड व्ह्यूमध्ये (आधीच काढून साठवलेल्या निकालात) ठेवण्याचा मोह टाळावा, कारण तो फक्त नव्याने आलेल्या ओळी पाहतो.

दुसरा धोका रेप्लिकेशन स्लॉटचा (वाचणाऱ्याने लॉग कुठवर वाचला याच्या खुणेचा) आहे आणि तो मी स्वतः भोगला आहे. आमच्याकडे एका शनिवारी दुपारी काफ्काचा कनेक्टर बंद पडला आणि कोणाच्या लक्षात आले नाही. वाचणारा परत येईपर्यंत लॉग जपून ठेवणे हे स्लॉटचे कामच असल्यामुळे लॉग साठत गेला, सोमवारी पहाटे डिस्क भरली आणि मूळ डेटाबेसमध्येच नोंदी होईनाशा झाल्या. डॅशबोर्डसाठी केलेल्या सोयीने मुख्य कामच बंद पाडले. पोस्टग्रेस १३ पासून ‘मॅक्स स्लॉट वॉल कीप साइझ’ ही मर्यादा घालता येते, पण मूळची सेटिंग अमर्याद असते, ती आपणच बदलावी लागते. मर्यादा ओलांडली की स्लॉट निकामी होतो आणि सगळा डेटा पुन्हा भरावा लागतो. सकाळचे संकलन थांबण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

तुमच्या बाबतीत आणखी एक शक्यता आहे. दुपारी संकलनाच्या टेबलमध्ये बदल होत नसतील आणि त्याच सर्व्हरवरच्या दुसऱ्या डेटाबेसमध्ये बिलांचे काम जोरात चालत असेल, तर सारे सुरळीत असूनही स्लॉट पुढे सरकत नाही आणि लॉग वाढत राहतो. डेबेझियमची हार्टबीट सुरू करून तिला एका लहानशा टेबलमध्ये ठरावीक काळाने एक ओळ बदलायला लावली की हा प्रश्न सुटतो.

उत्तर ३

उत्तर २ मधील प्रत्येक इशारा मोलाचा आहे. तरीही दोन माणसांच्या चमूने काफ्का, डेबेझियम आणि क्लिकहाउस या तिन्हींची देखभाल अंगावर घेऊ नये असे मला ठामपणे वाटते. ३४० केंद्रे, दोन वेळचे संकलन आणि प्रत्येक केंद्रावर शंभर सभासद धरले तरी दिवसाला ६८,००० नोंदी होतात. एवढ्या नोंदींची बेरीज लहानसा पोस्टग्रेसही सहज करतो.

माझ्या मते एक वेगळा छोटा पोस्टग्रेस उभा करावा आणि मूळ डेटाबेसवर पब्लिकेशन (काय पाठवायचे याची यादी), नव्यावर सबस्क्रिप्शन (ते घेणारी जोडणी) तयार करावे. ही सोय पोस्टग्रेस १० पासून अंगभूत आहे. पुसलेली नोंद तिकडेही पुसली जाते, सुधारलेली तिकडेही सुधारते, त्यामुळे बेरजेचा घोळ मुळातच उरत नाही. ग्राफाना दर १० सेकंदांनी या नव्या डेटाबेसला विचारील आणि केंद्रांवरच्या नोंदींना त्याचा भार जाणवणार नाही.

स्लॉटचा धोका मात्र इथेही तितकाच आहे. टेबलमधले रचनेचे बदल आपोआप जात नाहीत, म्हणून नवा कॉलम आधी सबस्क्रिप्शनच्या बाजूला जोडावा आणि मग मूळ टेबलमध्ये. क्रम उलटा झाला तर त्या कॉलमसह आलेली पहिली नोंद प्रवाह थांबवते आणि लॉग साठू लागतो.

तारखेकडेही पाहावे. आरडीएसवर मूळचा टाइमझोन यूटीसी (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) असतो. तुमची काही केंद्रे पहाटे ५ ला उघडत असतील आणि क्वेरीत ‘करंट डेट’ (आजची तारीख) असेल, तर ५.३० पर्यंतचे दूध आदल्या दिवसात मोजले जाते. डॅशबोर्डवर प्रत्येक केंद्राची शेवटची नोंद किती वाजता आली हेही दाखवावे, कारण दूध नसलेले केंद्र आणि नेटवर्क गेलेले केंद्र ही दोन्ही नुसत्या बेरजेत सारखीच दिसतात.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर १ प्रमाणे ५ मिनिटे मागे जाऊन वाचायला सुरुवात केली आणि गेले सहा दिवस बेरीज रात्रीच्या अहवालाशी जुळते आहे. आता उत्तर ३ मधील व्यवस्था चाचणीसाठी उभी करतो आहोत. मूळ टेबलमध्ये चार वर्षांच्या नोंदी आहेत आणि आम्हांला फक्त चालू महिना हवा आहे. तेवढ्याच नोंदी पाठवता येतील का?

उत्तर ३ देणारे

येतील. पोस्टग्रेस १५ मध्येच पब्लिकेशनला ओळींची अट घालण्याची सोय आली आणि सुरुवातीची नक्कलही त्याच अटीने होते. अटीत ‘करंट डेट’ चालत नाही, महिन्याची पहिली तारीख प्रत्यक्ष लिहावी लागते. सुधारणा आणि पुसणे हेही पाठवायचे असल्याने अटीतला तारखेचा कॉलम रेप्लिका आयडेंटिटीत (बदललेली ओळ ओळखणाऱ्या कॉलमांत) असणे बंधनकारक आहे. त्यासाठी नोंद क्रमांक आणि संकलन तारीख यांवर युनिक (पुनरावृत्ती न होऊ देणारा) इंडेक्स करून, दोन्ही कॉलम नॉट नल (रिकामे न राहणारे) ठेवून, तोच इंडेक्स आयडेंटिटी म्हणून नेमावा. तसा इंडेक्स सबस्क्रिप्शनच्या बाजूलाही ठेवावा.

महिना संपला की जुन्या नोंदी सबस्क्रिप्शनच्या बाजूला खुशाल पुसाव्यात. नंतर मूळ टेबलमध्ये त्यांपैकी एखादी सुधारली गेली, तर तिकडे ती सापडत नाही म्हणून तो बदल सोडून दिला जातो आणि प्रवाह थांबत नाही. पहिली नक्कल दुपारी १२ नंतर, दोन संकलनांच्या मधल्या वेळेत करावी आणि त्याआधी स्लॉटची मर्यादा घातली आहे ना, हे पाहून घ्यावे.