बुकिंगचा फॉर्म मोबाइलवर अर्धवट सुटतो
प्रश्न (म्हापसा): होमस्टेची साइट मराठी-इंग्रजीत आहे. मोबाइलवर लोक फॉर्म मध्येच सोडतात. काय बदलू?

उत्तर १: आधी रकान्यांतला फॉन्ट बघा. १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल तर आयफोनवर रकान्याला हात लावताच पान झूम होतं आणि बटण स्क्रीनबाहेर जातं. रकान्याचं नाव आत फिकट नको, वर ठेवा. टाइप करताच आतलं नाहीसं होतं. फोन नंबरच्या रकान्याचा टाइप कोडमध्ये 'टेल' (tel) करा, अंकांचा कीबोर्ड येतो.

उत्तर २: अक्षरं आणि मागचा रंग यांच्यातला कॉन्ट्रास्ट (उजेडाचा फरक) किमान ४.५:१ ठेवा. कळंगुटच्या उन्हात फिकट करडं कोण वाचणार? मराठीला ओळींचं अंतर फॉन्टच्या १.६ पट द्या, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात.

उत्तर ३: एक चूक झाली म्हणून भरलेलं सगळं पुसू नका. चूक त्याच रकान्याखाली दाखवा.