मुक्तिनाथ, रस्त्याने : जाऊन आलेल्यांनी अनुभव लिहा

सायलीची_डायरी

येत्या ऑक्टोबरात आईबाबांना घेऊन नेपाळातल्या मुक्तिनाथला जायचं चाललंय. तिथल्या जवळच्या विमानतळाचं, जोमसोमच्या विमानाचं, काही खरं नसतं असं सगळेच सांगतात, म्हणून पोखराहून गाडीनेच. बाबा सत्तरीच्या पुढे, बीपीची गोळी चालू, आणि देवळामागच्या १०८ धारांखाली अंघोळ करायचीच हा हट्ट. व्हिडिओ ढिगाने आहेत पण सगळ्यांत ड्रोन आणि म्युझिक, रस्ता कसा, मुक्काम कुठे, म्हाताऱ्या माणसांना झेपतं का हे कुणी धड बोलतच नाही. जे गेलेत त्यांनी लिहा ना, जसं झालं तसं. वाईट झालं असेल तर तेही.

घाटवेडा

आम्ही दिवाळीच्या आधी गेलो होतो, पोखरातून जीप ठरवून. अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, नकाशात बघून वाटतं दुपारी जेवायला पोचू. विसरा. बेनीपर्यंत बरं चाललेलं असतं, तिथून काली गंडकीचं खोरं सुरू होतं आणि मग रस्त्याचा मूड बदलत राहतो, जरा डांबर, मग धुरळा, मग एकदम ओढा आडवा, आणि समोरून बस आली की कुणीतरी रिव्हर्स घ्यायचा, तो कुणी घ्यायचा यावर दोन्ही ड्रायव्हरांची निवांत चर्चा. खाली नदी काळीकुट्ट. खिडकीकडेला बसलेल्या आमच्या मित्राने तातोपानीपर्यंत डोळे मिटून घेतले होते, झोप लागली होती असं तो अजून म्हणतो.

तातोपानीला गरम पाण्याची कुंडं आहेत, जाताना नका थांबू, येताना थांबा, अंग मोकळं होतं. पुढे रुप्सेचा धबधबा अगदी रस्त्यालाच. घासा गावाच्या पुढे झाडी विरळ होत जाते आणि मार्फा येईस्तोवर डोंगर पार बोडके, करडे. एकीकडे धौलागिरी (८१६७ मीटर), दुसरीकडे निलगिरी आणि मधल्या फटीतून आपण. इथे पाऊस कमी, कारण ढग अडवायला हीच मंडळी उभी आहेत.

आता मुद्द्याचं. पोखरा साधारण ८०० मीटरवर, जोमसोम २७००, आणि देऊळ ३७०० च्या वर. चालत जायचे तेव्हा लोकांना आपोआप सवय व्हायची, आता जीपमध्ये बसून सकाळी तळ्याकाठी चहा आणि संध्याकाळी तीन हजार मीटर वर. शरीराला ते कळत नाही. म्हणून जोमसोम किंवा कागबेनीला रात्र काढाच. दुसऱ्या दिवशी पहाटे वर जाऊन दर्शन घेऊन दुपारच्या आत खाली, कारण त्या खोऱ्यात उन्हं वर आली की वारा सुटतो आणि तो वारा आपल्या समुद्रावरच्या वाऱ्यासारखा नाही, जीपचं दार हातातून हिसकावतो. विमानं फक्त सकाळी उडतात ती त्यामुळेच.

प्राजक्ता_ठाणे

घाटवेडा म्हणतायत ते अगदी खरं, आमचं उलट झालं म्हणून सांगते. आम्ही एका यात्रा कंपनीबरोबर गेलो होतो (नाव विचारू नका). कार्यक्रमपत्रिकेत पोखरा ते मुक्तिनाथ एका दिवसात आणि मुक्काम वर देवळाखालच्या राणीपौवा गावातच. अंधारात पोचलो. जेवण उत्तम, महाराज सोबत होते, वरणभात पिठलं सगळं, पण जेवणार कोण? निम्म्या लोकांचं डोकं धरलेलं, दोघींना उलट्या, एका काकांना रात्रभर धाप, कुणाला झोप नाही. टूर लीडर म्हणे थंडीने होतंय, आलं घाला चहात. थंडीने नाही हो, तिथे हवेत ऑक्सिजन आपल्याकडच्या जेमतेम दोन-तृतीयांश मिळतो! पहाटे काकांना दर्शन न घेताच खाली जोमसोमला नेलं आणि तिथे पोचल्यावर ते तासाभरात गप्पा मारायला लागले. खाली उतरणं हाच उपाय.

सायली, बाबांच्या डॉक्टरांना आधी भेटा, डायमॉक्सचं (उंचीच्या त्रासावरची गोळी) विचारा, बीपीच्या गोळीबरोबर चालतं का ते तेच सांगतील. मनाने घेऊ नका.

बर्फाचा_गोळा

धारांबद्दल कुणीच लिहीत नाहीये, मी लिहितो.

गाड्या राणीपौवाला थांबतात, तिथून वर अर्धा तास चढ, शेवटी पायऱ्या. घोडी मिळतात. देऊळ छोटं, पॅगोडासारखं, आणि त्याच्या मागे अर्धवर्तुळात भिंत, तिच्यात ओळीने पितळी मुखं, डोक्याच्या थोडी वर, एकमेकांपासून हातभर. वरच्या झऱ्याचं पाणी अखंड पडत असतं. तर करायचं काय, एका टोकाने शिरायचं आणि वाकून पळत सुटायचं. पहिल्या पाच-सहा धारांना माणूस ओरडतो, मग ओरडायला श्वास राहत नाही, मधेच कुठेतरी टाळू बधिर होते आणि नंतर खरंच काही वाटेनासं होतं. फरशी निसरडी आहे, पळताना पडणारे मी पाहिलेत. एवढ्यावर संपत नाही, पुढ्यात दोन कुंडं आहेत, त्यात डुबकी. माझे ओठ निळे आणि बायको व्हिडिओ काढत हसतेय असा तो पुरावा घरी आहे.

कपडे बदलायला आडोसा आहे, कोरडे कपडे कुणाच्या तरी हातात देऊन ठेवा, टोपी आणि मोजे सगळ्यात वर. ओल्या केसांनी त्या वाऱ्यात उभं राहू नका.

आमच्या पुढे तमिळ आजीआजोबांचा एक मोठा ग्रुप होता, त्यांच्या १०८ दिव्यदेशांपैकी (विष्णूची तीर्थं) हा एक. आज्या ऐंशीच्या असतील, पाशुरं (तमिळ भक्तिपदं) म्हणत एकेका धारेखाली ओंजळ धरून डोक्यावर शिंपडत शांतपणे पुढे गेल्या, पळापळ नाही काही नाही. बाबांना हे दाखवा. मला विचाराल तर त्यांचंच बरोबर होतं, आम्ही नुसता दंगा केला.

रेवा

ज्वालामाईला जाऊन आलात का कोणी? बहुतेक जण धारा झाल्या की सुटतात. त्याच आवारात थोडं खाली एक गोम्पा म्हणजे बौद्ध मठ आहे, आत जाळीमागे वाकून बघावं लागतं, खडकातून येणाऱ्या नैसर्गिक वायूची निळसर ज्योत आणि तिच्याच शेजारी पाण्याची खळखळ. बोटभर ज्योत, फोटोत काही येत नाही. सांभाळणाऱ्या बौद्ध भिक्षुणी. मुख्य देवळात, मुक्तिनारायणाच्या गाभाऱ्यातही त्या असतात, तिबेटी लोकांचंही हे तितकंच मोठं तीर्थ, ते याला चुमिग ग्यात्सा म्हणतात. आमच्यातल्या एका बाईंनी तिथे 'पण मग हे आपलं की त्यांचं' असं जोरात विचारलं, भिक्षुणीने त्यांना प्रसाद दिला आणि पुढच्याला बोलावलं.

एकटा_बुलेटवर

सुनौलीवरून स्वतःच्या बाईकने. बॉर्डरला भन्सार म्हणजे गाडीची परवानगी, जितके दिवस राहायचं तितक्यांचे पैसे, एक दिवस जास्तीचा घ्या कारण दरड पडली तर तुम्ही अडकता आणि वर दंड. पावती जपून ठेवा, परतताना लागते. बुटवल, तानसेन करत पोखरा. १०० भारतीय म्हणजे १६० नेपाळी, शंभराच्या नोटा सगळीकडे घेतात. अन्नपूर्णा क्षेत्राचं परमिट पोखरातच काढा, आपल्याला सार्कवाला दर लागतो, नेपाळी १०००. ओळखपत्र म्हणून आधारवर विसंबू नका, पासपोर्ट नाहीतर मतदार कार्ड. जोमसोम ते मुक्तिनाथ रस्ता मस्त आहे, सगळी हाडं त्याच्या आधीच खिळखिळी होतात.

विनायक_का

आम्ही गेलो ते वडिलांचं कागबेनीला करायचं म्हणून. तिथे झोंग खोला हा ओढा काली गंडकीला मिळतो, त्या संगमावर पिंडदान करतात. गुरुजी नेपाळी, संकल्पात गोत्र, गाव सगळं नीट विचारून घेतलं, मंत्र आपलेच, उच्चार थोडे वेगळे. काळे तीळ तिथेही मिळतात पण मी घरून नेले होते, आईने दिलेले. वारा इतका की दर्भ जागेवर राहीना, शेवटी भावाने शालिग्रामाच्या जातीचा एक दगड वर ठेवला. नदीत असे काळे दगड शोधणारी बरीच मंडळी दिसतात, फोडला की आत शंखासारखी नक्षी. हिमालयाच्या जागी समुद्र होता तेव्हाचे जीव ते.

गाव जुनं आणि फार सुंदर आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये याच ओढ्याला पूर येऊन कागबेनीत बरंच नुकसान झालं होतं, तेव्हा पावसाळ्यात त्या बाजूला नकोच. लोक म्हणतात मुस्तांगात (म्हणजे या जोमसोम-मुक्तिनाथच्या जिल्ह्यात) पाऊस नसतो. अहो, पण तिथे पोचायचा रस्ता पावसातूनच जातो ना!

सायलीची_डायरी

सगळ्यांचे खूप आभार. बाबांना तमिळ आज्यांचं वाचून दाखवलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले बघू. म्हणजे नाही. जोमसोमची रात्र मात्र पक्की केली. बसपेक्षा जीपच बरी ना? आणि आईचे गुडघे दुखतात, घोड्यावर बसणं जमेल का तिला?

प्राजक्ता_ठाणे

जीपच. बसमध्ये मागची सीट मिळाली तर आईंचे गुडघे राहू देत, तुझीही कंबर जाईल. घोड्याचं म्हणशील तर चढताना काही वाटत नाही, उतरताना भीती वाटते. माझ्या सासूबाई वर घोड्याने गेल्या आणि खाली काठी घेऊन हळूहळू चालत आल्या. घोडेवाल्याशी दोन्ही बाजूंचं की एका बाजूचं ते आधीच बोलून घे.