मदत हवी आहे: फिटच्या गोळ्या चालू आहेत आणि दिवस राहिलेत

माझ्या धाकट्या बहिणीला शाळेत असल्यापासून फिट येतात. आधी व्हॅल्प्रोएट चालू होतं. बाळाचा विचार सुरू होताच न्यूरोलॉजिस्टनी ते हळूहळू बंद करून लॅमोट्रिजिनवर आणलं, कारण व्हॅल्प्रोएटमुळे बाळाच्या मणक्यात दोष राहू शकतो, बुद्धीच्या वाढीवरही परिणाम होतो. सोबत फॉलिक अ‍ॅसिड 5 मिलिग्रॅम. आता दिवस राहिलेत आणि सासूबाई म्हणतायत, "सगळ्या गोळ्या बंद कर, बाळाला बाधतील." त्यांचीही काळजीच आहे, पण अचानक गोळी सोडून मोठी फिट आली तर दोघांच्याही जिवावर बेतेल. हे घरच्यांना कोणी कसं पटवलंत? डॉक्टरांसमोर बसवून?

शिवाय गरोदरपणात लॅमोट्रिजिनची रक्तातली पातळी उतरते, डोस वाढवावा लागतो. ही तपासणी कोणी केली आहे का? आम्ही तालुक्याच्या गावी राहतो, इथे सोय नाही. नमुना पुण्याला पाठवता येतो का? उलटीत गोळी पडली तर तुम्हाला डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?

आणि बाळंतपणानंतर रात्रीचं जागरण कसं वाटून घेतलंत? तिला झोप मोडली की फिट येते, मला त्याचीच जास्त धास्ती आहे. स्वतः यातून गेलेल्या ताईंनी कृपया लिहा.