हातातला डिजिटल वॉकीटॉकी आणि सगळ्यांची मिळून एक लाईन: तुमचे अनुभव लिहा

रॅम्पवाली
परवा आमच्या टाउनशिपमध्ये सिक्युरिटीची नवी टीम आली. रिपीटरवर (सिग्नल पकडून जास्त ताकदीने पुढे पाठवणारं यंत्र) चालणारे डिजिटल सेट आहेत त्यांच्याकडे. गेटवरचा एक पोरगा, असेल विशीचा, क्लबहाउसला काहीतरी विचारत होता. बटण दाबलं की लगेच बोलायला सुरुवात, आणि तिकडून दर वेळी "काय? परत बोल". शेवटी मी भाजीच्या पिशव्या खाली ठेवल्या आणि त्याला म्हटलं, दादा, बटण दाब, टुक वाजू दे, मग बोल. पुढच्या खेपेला सगळं स्वच्छ पोचलं. घरी आले तरी डोक्यात विमानतळच फिरत होता, म्हणून हा धागा.

मी एका मोठ्या विमानतळावर रॅम्पला (विमानं उभी करायची जागा, ॲप्रन पण म्हणतात) होते. इंधनवाले, बॅगावाले, केटरिंग, साफसफाई, फायर, सगळे एकाच ट्रंकिंग नेटवर्कवर. प्रत्येकाचा टॉकग्रुप (आपापसात बोलणाऱ्यांचा गट) वेगळा, पण खालचे चॅनल सगळ्यांत मिळून. तुम्ही बटण दाबता तेव्हा सेट आधी सिस्टीमकडे जागा मागतो. जागा मिळाली की बीप, नाही मिळाली की रांगेत. बीपच्या आधी बोललात तर पहिला शब्द गेला. स्टँड (विमानाची ठरलेली जागा) "टू फोर" सांगितला तर पलीकडे नुसतं "फोर" पोचतं, आणि ट्रॉल्या भलत्याच टोकाला जाऊन उभ्या राहतात. विमान तिथेच, प्रवासी आत, आणि सामान दुसरीकडे.

सगळ्यात लक्षात राहिली ती पावसाळ्यातली एक रात्र. विजांचा इशारा आला. इंधन भरणं थांबवायचं, माणसं ॲप्रनवरून आत घ्यायची. एकाच वेळी सगळ्यांनी बटणं दाबली आणि सगळ्यांचे सेट रांगेत. आमचे इनचार्ज फार शांत माणूस. त्यांना चॅनल मिळाल्याबरोबर एवढंच म्हणाले, "मी नाव घेईन त्यानेच बोला." मग एकेक स्टँड घेत गेले. इंधन? थांबलं. बॅगा? आत आलो. तोवर माझ्या सेटच्या स्पीकरच्या जाळीत पाणी शिरलेलं, आवाज रजईतून आल्यासारखा. उलटा धरून तळहातावर दोनदा आपटला, पाणी झडलं, तेव्हा माझं नाव ऐकू आलं. त्या रात्री एकाही माणसाने मध्ये तोंड घातलं नाही. मला अजून त्या टीमचा अभिमान वाटतो.

लिहा तुम्हीही. पोलीस, फॅक्टरी, हॉस्पिटल, हॅम (परवाना काढून छंद म्हणून रेडिओवर बोलणारे), काहीही चालेल.

भिवंडीकर
गोडाऊनला आमच्याकडे सिमवाले वॉकीटॉकी आहेत. दिसायला तसेच, पण चालतात मोबाईलच्या नेटवर्कवर. भिवंडीतून इंदूरच्या गाडीशी बटण दाबून बोलता येतं, हा फायदा. तोटा हा की बोलणं सेकंदभर उशिरा पोचतं, दोघं एकदम सुरू होतात मग दोघंही थांबतात. आणि टॉवर बसला की सेट म्हणजे नुसता ठोकळा. डॉकवर आहे, नंतर लिहितो.

निशिगंधा_क
आमचे हे केमिकल प्लांटला शिफ्ट इंजिनीअर. घरी पण "चहा टाक, ओव्हर" 😄

कोल्हापुरी_हॅम
रॅम्पवाली ताई, मस्त लिहिलंत. इनचार्जनी जे केलं त्याला आम्ही नेट कंट्रोल म्हणतो. एकाच्या हातात लगाम, बाकीच्यांनी हाक आल्यावरच बोलायचं.

मी डीएमआर या डिजिटल रेडिओ पद्धतीवर असतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: 12.5 किलोहर्ट्झचा एक चॅनल, त्यात वेळेच्या 30-30 मिलिसेकंदांच्या फोडी आलटून पालटून दोन संभाषणांना वाटलेल्या. दोन वेगळी माणसं एकाच रिपीटरवर एकाच वेळी बोलतात आणि एकमेकांना ऐकूही जात नाहीत. सेट निम्माच वेळ प्रक्षेपण करतो, म्हणून बॅटरीही पुरते. रिपीटर नसेल तर घरात छोटा हॉटस्पॉट लावायचा, तो इंटरनेटवरून जगाच्या नेटवर्कला जोडतो.

पण त्यामुळेच जबाबदारी येते. ब्रँडमाइस्टर या डीएमआरच्या जागतिक नेटवर्कवर 91 नंबरचा ग्रुप जगभराचा आहे. तुम्ही कोल्हापुरात बटण दाबलं की तो ग्रुप लावलेले कुठकुठल्या देशांतले रिपीटर एकदम जागे होतात. दोघांनी तिथे अर्धा तास गावच्या गप्पा मारायच्या नसतात. भेट झाली की दुसऱ्या ग्रुपवर सरकायचं. आणि प्रत्येक बोलण्यानंतर दोन-तीन सेकंद मोकळे सोडायचे. त्या फटीतच एखादा अडचणीतला माणूस आपलं नाव टाकू शकतो. ही फट मी फार मानतो. नवी मुलं आली की आधी तेवढंच शिकवतो, बाकी सेटिंग पुस्तकात आहेच.

आवाज कसा जातो बघायला 9990 ला पॅरट आहे. बोला, तो तुमचंच तुम्हाला परत ऐकवतो. सेट तोंडापासून दोन-तीन इंच, आणि ओरडायचं नाही. ओरडलं की डिजिटलमध्ये आवाज फाटतो.

आमच्या गटातले एक काका पूर्ण दृष्टिहीन आहेत. सेटच्या डोक्यावरचा नॉब 16 घरांचा. खटके मोजून बरोबर हव्या ग्रुपवर जातात, स्क्रीनची त्यांना गरजच नाही. रात्री न्यू जर्सीतल्या एका मराठी माणसाशी त्यांच्या गप्पा होतात. विषय बहुतेक वेळा तांबडा-पांढरा.

निशिगंधा_क
तांबडा-पांढरा वाचून भूक लागली. काकांना नमस्कार सांगा 🙏

बिनतारीची_लेक
बाबा पोलिसांत, बिनतारी विभागात होते. घरी सेट चार्जिंगला देवघराच्या शेजारच्या प्लगवर, कारण तिथली लाईट इन्व्हर्टरवर. आम्ही सेटच्या आवाजातच अभ्यास केला. परीक्षेला शांत हॉलमध्ये बसलं की उलट चुकल्यासारखं व्हायचं.

वारीचा बंदोबस्त हा बाबांचा जीव. जुने सेट ॲनालॉग होते. माणूस लांब गेला की खरखर वाढत जायची, म्हणजे कळायचं, हा आता रेंजच्या कडेला आला. डिजिटलला तसं नाही. शेवटपर्यंत स्वच्छ, मग एकदम काहीच नाही. बाबा म्हणायचे, खरखर म्हणजे निरोप होता, आता न सांगता जातात. मग त्यांनीच ठराव केला की घाटात चढायच्या आधी प्रत्येकाने आपलं ठिकाण सांगायचं आणि वर पोचल्यावर पुन्हा.

दुसरी गोष्ट टाळ-मृदंगाची. डिजिटल सेट माणसाचं बोलणं ओळखून त्याची गाठोडी बांधतो. शेजारी शे-दोनशे टाळ वाजत असतील तर त्याला बोलणं कुठलं आणि टाळ कुठले ते उमगत नाही, पलीकडे नुसता गुळण्या केल्यासारखा आवाज. बाबा दिंडीकडे पाठ करायचे, सेट छातीशी घ्यायचे, ओंजळीने माइकभोवती आडोसा करायचे आणि अगदी हळू बोलायचे. हळू बोललेलं बरोबर पोचायचं. चुकलेली आजी, तिच्या दिंडीचा नंबर, लुगड्याचा रंग, एवढं सगळं तीन वाक्यांत. मला त्यांचा तो आवाज अजून पाठ आहे.

मुळशीचा_मधू
दिवेघाटात पिठलं-भाकरी कुठे मिळायची गं चांगली? आम्ही दर वर्षी पालखी बघायला जातो.

बिनतारीची_लेक
@मधू घाट चढून वर आलं की गावातली माणसंच वाटत असतात रे, दुकान नाही. उशीर झाला तर संपतं.

स्टुटगार्टहून
इथे दक्षिण जर्मनीत एका खेड्यात राहतो. गावाची अग्निशमन टीम स्वयंसेवकांची, शेजाऱ्याने ओढून नेलं, आता मी पण त्यात. पोलीस, फायर, ॲम्ब्युलन्स सगळ्यांचं देशभर एक डिजिटल नेटवर्क आहे, टेट्रा. सेट हातात मिळायच्या आधी रेडिओचा वेगळा कोर्स. त्यात पहिल्याच दिवशी शिकवतात: विचार कर, बटण दाब, आवंढा गीळ, मग बोल. आवंढा गिळायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात चॅनल मिळून जातो. रॅम्पवाली ताईंच्या टुकचंच हे काम.

इथे बरंचसं बोलावंच लागत नाही. गाडीतल्या सेटवर आकडा दाबून धरायचा. 3 म्हणजे निघालो, 4 म्हणजे पोचलो, 5 म्हणजे मला बोलायचंय. कंट्रोल रूमला स्क्रीनवर दिसतं आणि त्यांना सवड झाली की ते हाक मारतात. त्यामुळे वादळाच्या रात्रीसुद्धा, झाडं पडलीत, तळघरांत पाणी शिरलंय, तरी लाईन तुंबत नाही. मला ही पद्धत फार आवडते. आपल्याकडे बंदोबस्ताला अशी असायला हवी असं मनापासून वाटतं.

जळत्या घरात शिरणारे मात्र नेटवर्कवर नसतात. तळघरात टॉवर पोचत नाही, म्हणून ते सेट-टू-सेट थेट मोडवर. बाहेर दाराशी एक जण त्यांचं ऐकत उभा. मागच्या हिवाळ्यात तो दाराशी उभा राहणारा मी होतो. आतून दर थोड्या वेळाने सिलिंडरमधल्या हवेचा दाब सांगतात, मी पाटीवर लिहीत होतो. मुखवट्यातून येणारा आवाज, त्यात श्वासाचा घरघराट, आकडा नीट कळेना. कळला नाही की परत विचारायचाच, अंदाजाने लिहायचा नाही. तीनदा विचारला. आतला गडी एकदाही चिडला नाही.

भिवंडीकर
आलो परत. स्टुटगार्टवाले, ते आकड्यांचं भारी आहे. आमच्याकडे काल काय झालं, फोर्कलिफ्टवाल्याने सेट मांडीखाली ठेवला, बटण दबलेलं. पूर्ण गोडाऊनला त्याचं गाणं. आवाज चांगला आहे पोराचा, पण वीस जणांचं काम अडलं.

कोल्हापुरी_हॅम
@भिवंडीकर सप्लायरला सांगून टाइम-आउट लावून घ्या. ठरलेल्या वेळापेक्षा जास्त बटण दबलं तर सेट आपोआप गप्प होतो. आणि स्क्रीनवर कोणाचा आयडी दिसतोय ते बघायची सवय लावा, शोधायला पळावं लागत नाही.

रॅम्पवाली
आमच्याकडे डिस्पॅचर (कंट्रोल रूममधून सूत्रं हलवणारा) असं बटण दबून राहिलेल्याचं बोलणं मध्ये तोडू शकायचा. आणि संकटासाठीचं नारिंगी बटण, ते दाबलं की बाकी सगळं बाजूला सारून आधी दाबणाऱ्याला वाट. नव्या मुलांना मी नेहमी सांगायचे, ते बटण बोटाला अंधारात सापडलं पाहिजे. डोळे मिटून दाखव म्हणायचे.

मेळघाटातून
मिस्टर वनखात्यात. इकडे अजून ॲनालॉग वायरलेसच, मोबाईलला रेंज नाही. संध्याकाळी सगळ्या कॅम्पांची हजेरी वायरलेसवर होते, कुठे वणवा दिसतोय, कुठल्या पाणवठ्यावर काय दिसलं. मी स्वयंपाक करताना सगळं ऐकते. एका कॅम्पचं उत्तर आलं नाही तर पोळी तव्यावर राहते माझी. मग दुसरा कॅम्प मधे पडून निरोप पोचवतो, तेव्हा जीवात जीव.

निशिगंधा_क
@मेळघाट ताई, अगदी. आमच्याकडे रात्रपाळीत फोन आला की तसंच होतं.

लातूरकर
विषय थोडा वेगळा, वय झालं म्हणून लिहितो. 30 सप्टेंबर 1993, किल्लारीचा भूकंप. गणपती विसर्जनानंतरची पहाट. फोन लागत नव्हते. पुढे हॅमवाली मुलं सेट, गाडीच्या बॅटऱ्या घेऊन आली होती. डिजिटल वगैरे काही नाही, वायरी बांबूला बांधलेल्या. आमच्या मामांची खुशाली तशीच पोचली. त्या मुलांची नावं आम्हाला कधी कळली नाहीत.

मुळशीचा_मधू
ट्रेकला घ्यायचेत दोन सेट. ऑनलाईन स्वस्तात दिसतायत, घेऊ का?

कोल्हापुरी_हॅम
@मधू सरसकट नको घेऊस. भारतात 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झमधले कमी ताकदीचे, मान्यता मिळालेले सेट परवान्याशिवाय चालतात. बाकीचे बरेच सेट पोलीस, फायर यांच्या फ्रिक्वेन्सीवरही जाऊ शकतात, त्यांना परवाना लागतो. 2025 मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा ऑनलाईन विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. खोक्यावर फ्रिक्वेन्सी आणि मान्यतेचा उल्लेख नसेल तर सोडून दे. आणि गडाच्या पलीकडच्या अंगाला सेट-टू-सेट पोचत नाही, मधे डोंगर आला की संपलं. एकाला माचीवर ठेव.

बिनतारीची_लेक
माझी मुलगी आठवीत आहे, आजोबांचं ऐकून हॅमची परीक्षा द्यायची म्हणतेय. वय चालतं का?

कोल्हापुरी_हॅम
बारा पूर्ण असतील तर चालतं. रिस्ट्रिक्टेड ग्रेडपासून (परवान्याची खालची पायरी) सुरुवात करू दे. परवाना येईपर्यंत फक्त ऐकायचं. रात्री नऊनंतर कोणाकडे तरी बसवून ऐकवा, कान तयार होतो. आजोबा आहेत म्हणजे अर्धं काम झालंच.

बिनतारीची_लेक
हडपसर, फुरसुंगी बाजूला कोणी हॅम आहे का, जिथे तिला रविवारी नेता येईल? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा प्लीज.

स्टुटगार्टहून
माझा शाळेतला मित्र आहे हडपसरला, त्याचं स्टेशन घरीच आहे. विचारतो आणि व्यनि करतो. त्याच्याकडे मांजरी आहेत चार, मुलीला ॲलर्जी नाही ना?